न उघडलेली बाटली

या, असे जवळ सरका. मागे बसलात त्यांनीही पुढे या. आज गोष्ट सांगायची आहे ती एका कमळवाल्याची, त्याच्या बायकोची आणि एका पोस्टमनची. मन लावून ऐका.

कमळवाल्याची रोपवाटिका म्हणजे सिमेंटच्या टाक्याच टाक्या. टाक्यांत कमळं, आणि डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे. एकदा पानांवर मावा पडला. फवारणीने मासे मरतील, म्हणून या कनवाळू माणसाने ते जाळीने उचलून घरामागच्या हौदात सोडले. मावा गेला, कमळं फुलली, गिऱ्हाईकं आली. मासे हौदातच राहिले.

"माशांना माहेरी धाडलंत, आणणार कधी?" बायको विचारायची.

"आणतो गं रविवारी."

"कुठल्या रविवारी, तेवढं सांगा!"

तो रविवार उजाडलाच नाही. तिला ताप भरला, डोकं ठणकू लागलं, ती भलतंच बडबडू लागली, मग झटके आले. हॉस्पिटलात नेईपर्यंत शुद्ध हरपली होती.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाकावर बसवून सांगितलं, "हा मेंदूज्वर. विषाणू पाणपक्ष्यांत, डुकरांत असतो. तिथून डासात, डासातून माणसात. बहुतेकांचं शरीर त्याला रक्तातच संपवतं. हिच्या मेंदूत तो शिरलाय. तो पेशी मारतोय, आणि त्याच्याशी लढताना शरीर मेंदूलाच सूज आणतंय."

"मग त्याला मारायचं औषध द्या ना!"

"तसं औषध अजून नाही. झटके थांबवतो, सूज आवरतो, श्वास सांभाळतो."

कमळवाल्याने मान खाली घातली. "मासे मी काढले होते, बाई."

"डास तुमच्याच टाकीतला होता, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण मासे परत सोडा. आजच."

मग त्या म्हणाल्या, "एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. विषाणूला पेशीत शिरण्यापासून अडवेल, अशी आशा आहे. काही बाटल्यांत औषध, काहींत नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं, ते मलाही कळत नाही. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखेच."

कमळवाला उसळला. "माझी बायको मरणाच्या दारात, आणि तुम्ही पाणी देणार?"

शेजारच्या खाटेवर एक पोस्टमन होता, तोही याच तापाने बेशुद्ध. त्याची बहीण उशाशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "दादा, मी सही केली. माझ्या भावाने जन्मभर लोकांची पाकिटं न उघडता पोचवली. हेही पोचवेल."

कमळवाल्याने संमतीचा कागद पुढे ओढला. मग त्याने पेन मागितलं.

दोघांना बाटल्या लागल्या. परिचारिका त्यांना कुशीवर वळवत, घशातला कफ काढत, नळीने पेज देत. कमळवाला देवाचं नाव घेत बायकोचे तळवे चोळी. तो एकदाच घरी गेला, मासे टाक्यांत सोडून परतला. त्याच संध्याकाळी पोस्टमनचा श्वास थांबला. बहिणीने भावाची टोपी छातीशी धरली आणि जाता जाता कमळवाल्याला म्हणाली, "वहिनींना जपा."

बायको शुद्धीवर आली. डावा हात लुळा, जीभ जड. पहिला शब्द फुटला तो, "मासे?"

"आणले गं," तो म्हणाला, आणि तिथेच रडला.

पुढे चाचणी संपली आणि बाटल्यांचं गुपित उघडलं. बायकोला पाणी मिळालं होतं, पोस्टमनला औषध.

"म्हणजे औषध कुचकामी?" त्याने विचारलं.

"दोघांवरून नाही ठरत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडा गुण दिसतोय, पण ताप मेंदूत मुरण्याआधी दिलं तर. त्याला उशिरा मिळालं. पुढच्यांना लवकर देऊन बघणार आहोत. हे त्याच्यासारख्यांमुळेच कळलं."

कमळवाल्याची बायको आता एका हाताने कमळं खुडते. त्यातलं पहिलं पोस्टमनच्या बहिणीच्या दारी जातं.

बाबांनो, घरी जाऊन साठलेलं पाणी उपसाल, तेव्हा आणि हात जोडाल तेव्हाही, त्या पोस्टमनची आठवण ठेवा. त्याने नेलेलं पाकीट अजून वाटेत आहे, पुढच्या आजाऱ्यांच्या दारी निघालेलं.