खालच्या पुलावरची गाडी

सुताराने बाकावरचा भुसा फुंकला आणि नदीचा नकाशा पसरला. रविवारी तो एकटाच होडी घालणार होता. होडी दोघांची. पुढे बायको बसायची, खडक दिसला की वल्ह्याने दाखवायची. ती जाऊन चार महिने झाले होते. पुढची जागा रिकामी ठेवून त्या खळाळत्या पाण्यात शिरलं की काय होतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात मेहुणा आला. तो शाळेची बस चालवायचा.

"फोन उचलत नाही दाजी, म्हटलं जिवंत आहात का बघून यावं."

"आहे की. दिसतोय ना."

"अर्धेच दिसताय."

नकाशाशेजारी रविवारच्या बेताचा कागद होता. मेहुण्याने तो पुढे ओढला. नऊला वरच्या पुलापासून सुरुवात. दहाला पहिला खळाळ. साडेअकराला मोठी उडी, जिथे नदी कड्यावरून खाली कोसळते. पुढे कागद कोरा.

"खाली गाडी कुठे लावणार?"

नदीवर जाणारे आधी हेच ठरवतात. उतरायच्या जागी गाडी नेऊन ठेवायची, मगच वर यायचं. बारा वर्षं दोघांनी तेच केलं होतं.

"लिहायचं राहिलं."

"तुमचं? खिळे मोजून घेणारा माणूस तुम्ही." मेहुण्याचा आवाज खाली आला. "दाजी, परत यायचंय ना?"

सुताराने नकाशाची घडी घातली.

"येऊन करू काय? कुलूप उघडतो आणि दारातच उभा राहतो. परवा तासभर उभा होतो. शेजारीण विचारते, किल्ली हरवली का."

मेहुण्याने मान खाली घातली.

"मी बस घेऊन खालच्या पुलाशी थांबतो. चारला."

"नको येऊस."

"पाचपर्यंत दिसला नाहीत तर मी पाण्यात उतरेन."

"तुला पोहता येत नाही, गाढवा."

"माहीत आहे मला."

तो थट्टा करत नव्हता. तेच कपाळ, बहिणीचाच हट्ट. सुताराच्या डोक्यात तिडीक गेली. कागद फाडायला उचलला, पण हात चालेना. शेवटी त्याने साडेअकराच्या ओळीवर काट मारली. मोठ्या उडीशी होडी काठावरून ओढत न्यायची, असं लिहिलं. एकट्याला दोन तास लागणार होते. त्याने नऊचे सात केले. तळाशी 'चार वाजता, खालचा पूल' एवढं लिहिणंही जिवावर आलं होतं. मेहुणा हलला नाही, म्हणून लिहिलं.