दोन नावांचा एक ऑब्जेक्ट

मी एक ऑब्जेक्ट बोलतोय. मला ना हात ना पाय. बबिताच्या लॅपटॉपच्या मेमरीत थोडी जागा मिळाली आहे, तेवढाच माझा संसार. पण आज त्या एवढ्याशा जागेपायी एका वासराचा जीव जाणार होता. म्हणून मला बोलायचंच आहे.

बबिता महागावच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिचा तांडा फुलसावंगीकडे. आज तांड्यात जनावरांना जंताचं औषध पाजायचं शिबिर होतं. औषध वजनाप्रमाणे द्यायचं, म्हणून जनावरांच्या डॉक्टर केतकींनी तो हिशेब बबितावर सोपवला. पोरगी हरखून गेली. कॉलेजात शिकलेलं पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी येणार होतं.

तिने आधी 'जनावर' नावाचा क्लास लिहिला. क्लास म्हणजे नुसता साचा. जनावराला मालक असतो, रंग असतो, वजन असतं आणि वजनावरून औषध काढायची रीत असते, एवढं त्यात ठरलेलं. साच्याला स्वतःचं वजन नसतं. मग तिने 'न्यू' म्हटलं आणि त्या साच्यातून मी जन्मलो. मालक हंसाबाई, म्हणजे बबिताची आई. रंग तांबडा. त्यांच्या गाईचं नाव चंद्री, तेच मला मिळालं. माझं वजन मी आत जपून ठेवतो, त्याला कुणी थेट हात लावू शकत नाही. बदलायचं तर माझ्याच मेथडला, म्हणजे माझ्या आतल्या ठरलेल्या रीतीला, सांगावं लागतं. याचा मला फार तोरा होता.

तो उतरायला वेळ लागला नाही. चंद्रीचं वासरू सोन्या. मालक तोच, रंगही तोच. पुन्हा सगळं कशाला टाइप करायचं, म्हणून बबिताने लिहिलं, सोन्या = चंद्री. तिला वाटलं, माझ्यासारखा दुसरा तयार झाला. कसला दुसरा! 'न्यू' म्हटल्याशिवाय आमच्यात कुणी जन्मत नाही. मलाच दोन नावं पडली, बस.

तिने सोन्याचं वजन सांगितलं, मी ठेवलं. त्यासरशी गाईचं पुसलं गेलं. मग डॉक्टर बबिताला म्हणाल्या, "चंद्रीच्या छातीला टेप पुन्हा लाव, नीट." छातीच्या मापावरून नवं वजन आलं, मी तेही ठेवलं. आता वासराचं गेलं. माझा जीव तुटत होता, पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरंसुद्धा उमटली नाहीत. प्रोग्रामच्या लेखी सगळं ठीक होतं. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

बबिताचा मोठा भाऊ लखन तिच्याशेजारी ओट्यावर बसून बाटल्या भरत होता. जनावरं गोठ्यात, त्याच्या नजरेआड. बबिताने सोन्याचं औषध विचारलं, मी गाईचं सांगितलं. हंसाबाई ती बाटली घेऊन गोठ्याकडे गेल्या.

"काय वं, सोन्याची अन् चंद्रीची बाटली सारखीच भरली," लखन हसत म्हणाला. "वासरू लय खाऊन राह्यलं वाटते."

बबिता हसली नाही. तिने मला दोन्ही नावांनी वजन विचारलं. दोन्ही वेळा मी एकच आकडा सांगितला. गाईएवढं औषध पोटात गेलं असतं, तर वासरू दगावलं असतं. ती तशीच अनवाणी धावली.

"याडी, थांब! सोन्याले पाजू नको!"

"काहून? तूच त सांगितलं ना एवढं?" आईचा आवाज गोठ्यातून आला.

बाटली सोन्याच्या तोंडात गेली होती. फक्त तिरपी करायची राहिली होती, तोच बबिताने ती ओढून काढली.

बबिता परत आली ती रडतच. "मले वाटलं दोन झाले," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. शेवटी तिने डोळे पुसले आणि सोन्यासाठी वेगळं 'न्यू' लिहिलं. माझ्या शेजारी एक नवा ऑब्जेक्ट जन्मला. त्याला त्याचं लहानसं वजन मिळालं.

नव्याने शिकणाऱ्यांनो, एक विनवणी आहे. आम्ही तुमच्या मनातलं ओळखत नाही, लिहिलेलं तेवढं करतो. लाल अक्षरं आली नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. कामाला लावण्याआधी आम्हाला एकदा विचारून बघा.

थोड्या वेळाने बबिता लॅपटॉप बंद करेल आणि आमची जागा पुसली जाईल. त्याचं मला दुःख नाही. आत्ताच तिने भीतभीत सोन्याचं औषध पुन्हा विचारलं. मी गप्प बसलो. शेजाऱ्याने उत्तर दिलं.