उलटी नाचलेली भिंत

गवर दर वर्षी माहेरी येते, मग माझी बहीण सोनू का नाही? माझा सवाल एवढाच. पण खाडीपलीकडच्या पाणजूहून तिच्या सासूचा, भागूबाईंचा निरोप आला, "गवरीला घरान एकटी ठेवाची काय?" या बाईंचा दरारा असा की सोनूचा नवरा बळीराम आईसमोर शिंकसुद्धा दाबायचा.

मी म्हटलं, बाईंना खूश करू! तांदळाच्या पिठानं लग्नाची भिंत लिहावी, म्हणजे चितारावी, तर भागूबाईंनीच. सोनूच्या लग्नात स्वतःच्या घरी त्यांनी वऱ्हाड, होडी, ताडाची झाडं, वाजंत्री असं सगळं लिहिलं होतं. आम्ही नायगावच्या सहा पोरींनी त्याच भिंतीचा नाच बसवला. मी दोनदा जाऊन भिंतीवरच्या माणसांचा एकेक हात, एकेक पाय पाठ करून आले. नवरी अर्थात मीच.

गौरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भागूबाई बळीरामबरोबर नाच बघायला आल्या. सोनू तिकडे गवरीपाशी. आमचं अंगण गच्च भरलेलं. आम्ही अशा सुटलो की विचारू नका! मी चुलीपासून निघाले, होडीत बसले, खाडी पार केली आणि दमून चित्रातल्या शेवटच्या बाईच्या मांडीवर डोकं टेकलं. टाळ्याच टाळ्या.

"बंद करा!" भागूबाई उभ्या. "सगला उलटा नाचल्याव!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई डावखुऱ्या होत्या. ओलं पीठ हातानं पुसलं जाऊ नये म्हणून त्यांची भिंत उजवीकडून सुरू व्हायची. मी शाळेतल्या सवयीनं डावीकडून वाचलेली.

"पण सासू नवरीला मांडीवर घेते ना शेवटी?" मी चाचरत विचारलं.

"सासू कदी मांडीवर घेते काय? ती आई हाय!"

अख्खं अंगण खो खो हसलं. बळीरामसुद्धा हसला आणि मग घाबरला.

"हसताव काय? बघा, असा हाय," म्हणत भागूबाईंनी पदर खोचला आणि स्वतःच नवरी झाल्या. साठीची बाई, पण काय पाय! आईच्या मांडीवरून उठल्या, वऱ्हाडात लाजल्या, होडीत अशा हेलकावल्या की आम्ही सगळ्या त्यांच्याबरोबर डोलायला लागलो. मी तर आनंदानं वेडी झाले होते. मग सासरचा उंबरा आला. एक पाय उचलला आणि बाई तशाच थांबल्या.

आम्ही वाट पाहिली. पाय काही आत पडेना.

"आई?" बळीराम म्हणाला.

"मी आल्ये तवा चौदाची व्हते," त्या म्हणाल्या. "परत माहेरी कोनी धारलाच नाय. आता तिकरं कोन उरलाय?"

मला रडूच फुटलं. त्यांनी पाय खाली ठेवला, पदर सोडला आणि खाडीकडे हात करून लेकावर खेकसल्या, "बघतोस काय? होरी कार. मना घरी सोर नि सोनूला आन."

"आनि गवर?"

"गवरीजवल मी बसन."