अठ्ठेचाळीस विरुद्ध सत्तेचाळीस

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गुणफलक आहे. भंडाऱ्यातल्या एका महाविद्यालयाच्या खेळाच्या खोलीत, फाटक्या गाद्यांच्या मागे मी उभा असतो. बास्केटबॉलच्या सामन्यात कोणाचे किती गुण झाले हे लोकांना दाखवणे, एवढेच माझे काम होते.

कारध्याच्या तुलाराम सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवले. त्याने माझ्या अंगावर चार खिळे ठोकले. दोन पाहुण्यांसाठी, दोन आपल्यासाठी. त्यांवर पत्र्याचे आकडे अडकवायचे. ते काम शिपाई भैय्याजींचे. गोंदिया जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. तिकडची महाविद्यालये तिकडच्या विभागात गेली आणि आमच्या भंडारा विभागात मुलींचे तीनच संघ उरले.

तीन वर्षे आमचा विभाग विद्यापीठाच्या मोठ्या स्पर्धेत एकही सामना जिंकला नाही. एकसष्ट विरुद्ध एकोणीस, चोपन्न विरुद्ध बावीस, असले आकडे मला छातीवर मिरवावे लागत. आपल्या बाजूचा चाळिशीचा चार तर कधी लागलाच नाही. त्याचा रंग अगदी कोरा राहिला होता.

चौथ्या वर्षीही स्पर्धा आमच्याच मैदानावर भरली. यंदाही हरलात तर हा विभाग मोडू, आता गावातच होते ती पहिली फेरीही मुलींनी नागपुरात येऊन खेळावी, असे विद्यापीठाकडून कळवण्यात आले. खेळाच्या शिक्षिका सत्यभामाबाईंना ठाऊक होते, मुक्कामाला बाहेरगावी जायचे म्हटले की निम्म्या मुलींचे खेळणे घरूनच बंद होणार.

पहिल्या दिवशी विभागातले दोन संघ हरले. आता उरल्या आमच्या मुली, आणि समोर गेल्या वर्षीचा विजेता नागपूरचा संघ. त्यांचे बूट एकसारखे, उंचीही एकसारखी. आमची दामिनी विणकराच्या घरची, चणीने लहान, पण मागावरच्या धोट्यासारखी पळणारी. कप्तान रुचिका करडी गावची, शेतकऱ्याची लेक. तिचे वडील चंद्रभान धानाचे चुरणे, म्हणजे मळणी, सोडून एसटीने आले होते. त्यांना या खेळातले काहीच कळत नव्हते. ते थेट माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"भैय्याजी, आपल्या पोरी कोनत्या बाजूले हायेत गा?"

"हे डावीकडची बाजू आपली."

मग ते मैदानाकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त पाहू लागले.

मध्यंतराला आमचे वीस होते, त्यांचे एकतीस. मुली घामाघूम होऊन माझ्याकडे पाहत बसल्या. मला तोंड लपवावेसे वाटले. सत्यभामाबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"त्या बोर्डाकडे काहून पाहून राहिल्या? बोर्ड काही बास्केट करून देत नाही. त्या नागपूरच्या पोरी थकून राहिल्या, दिसत नाही का तुमाले? दामिनी, बॉल खाली ठेव आन पळव त्याहिले."

दामिनीने पळवले. उंच मुलींना वाकावे लागले, त्यांच्या चुका वाढल्या, पाय जड झाले. तीस झाले, छत्तीस झाले. मग भैय्याजींनी डब्याच्या तळातून तो कोरा चार काढला आणि अडकवण्याआधी सदऱ्याला पुसला.

शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा सेहेचाळीस विरुद्ध सत्तेचाळीस. चेंडू त्यांच्याकडे. त्यांनी वेळ काढायला तो आपसात फिरवला आणि दामिनीने मध्येच झडप घातली. चेंडू रुचिकाच्या हातात आला. तिने उडी मारली. चेंडू कड्यावर एकदा नाचला आणि आत पडला. लगेच शिट्टी वाजली.

भैय्याजींच्या हातातून आठचा पत्रा खाली पडला. त्यांनी तो उचलून लावेपर्यंत चंद्रभान त्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत होते.

"एक जास्त हाय नं आपला?"

"हो. एकच."

"एक पुरते," ते म्हणाले, आणि दुपट्ट्याने डोळे पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुली वीस गुणांनी हरल्या. पण विभाग टिकला. पुढे कितीतरी वर्षे मुली आपल्याच गावात पहिली फेरी खेळल्या. मग विजेवरचा नवा फलक आला. माझी रवानगी या खोलीत झाली. आकडे एकेक करून हरवले. सातचा पत्रा कोणीतरी खिडकीच्या फुटक्या काचेला लावला आहे.

त्याचे मला फारसे दुःख नाही. दुःख निराळेच आहे. मागच्या हिवाळ्यात खुशबू नावाची नवी खेळाडू चेंडू घ्यायला आली. मैत्रिणीला विचारत होती, "आपन कधी नागपूरवाल्याहिले हरवलं का वो?"

"नाही बाप्पा! कधीच नाही," मैत्रीण म्हणाली, आणि दोघी हसत निघून गेल्या.

मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. तो सामना कुठल्या वर्तमानपत्रात आला नाही, महाविद्यालयाच्या वहीतही कोणी लिहिला नाही. तुमच्या शाळेतल्या जुन्या वस्तू सांभाळा, त्यांच्यावरची धूळ पुसा. पण त्याआधी एक करा. आज संध्याकाळी तुमच्या मैदानावर ज्या मुली खेळतील, त्यांची नावे वहीत लिहून ठेवा. हरल्या तरी लिहा.