कपाळाचं दावं

"निळी गाडी!" डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला एर्बोल ओरडला आणि कोचकोर गावचं जुनं सिनेमागृह टाळ्यांनी दणाणलं. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. लोकरी नमद्याच्या उंच टोप्या घातलेले म्हातारे बाकांवर चढून बघत होते, बायका चक्क रडत होत्या. पोरानं पट्टीआडून चित्र ओळखलं होतं, तेही रंगासकट!

"डोळ्यांनी काय, मेंढीसुद्धा बघते!" तालांतबेक गुरुजींनी गळ्यातला सोनेरी रुमाल उडवला. मुलं त्यांना अगाय म्हणत. "माणूस बघतो तो कपाळाने! तिथे एक किरण झोपलेला असतो. राजधानीतले प्राध्यापक विचारतात, कुठेय किरण? त्यांना कसा सापडेल? त्यांचा स्वतःचाच घोरतोय!"

हशा पिकला. चित्रांची पेटी धरून उभी असलेली नुरझात तेवढी हसली नाही. ती जळत होती.

कारण ही पोरं तिची होती. शाळा सुटल्यावर मुलांनी रस्त्यावर उंडारू नये म्हणून साबिरा एझेंनी, म्हणजे साबिराताईंनी, केंद्र काढलं, तेव्हापासून नुरझात तिथली मदतनीस. गृहपाठ तिने घ्यायचा, बुद्धिबळाच्या हरवलेल्या सोंगट्या तिने शोधायच्या, बर्फाने भिजलेले मोजे शेगडीपाशी तिने वाळवायचे. कुणाचा बाप रशियात मजुरीला गेला की त्या पोराशेजारी मुकाट्याने बसायचं, तेही तिनेच. मग हे अगाय 'प्रतिभा जागवणारे' म्हणून आले आणि बघता बघता पोरांनी तिच्याकडे पाठ फिरवली. "नुरझात एझे, तुम्हाला कपाळाने दिसतं का? नाही ना?" असं एर्बोल तिला विचारायचा, ज्याचे पाढे तिने घोटून घेतले होते तो एर्बोल. साबिरा एझेसुद्धा आता अगायना स्वतःच्या हाताने चहा ओतून द्यायच्या. हे बघताना नुरझातच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अगायची खरी करामत होती दोऱ्याची. पाऊल टाकू लागलेल्या पोराच्या पायांना काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचं दावं बांधायचं आणि ते तोडायचं, म्हणजे पोर पुढे अडखळत नाही, हा तिथल्या घरोघरचा सोहळा. अगायनी तोच दोरा पायांतून काढून डोक्याला बांधला. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी चढवायची, तिच्यावरून दोरा आवळायचा, एखाद्या आजोबांचा आशीर्वाद घ्यायचा आणि कात्री चालवून गर्जायचं, "कपाळाचं दावं सुटलं!" आपल्याच घरातला सोहळा म्हटल्यावर शंका कोण घेणार?

नुरझातनेही घेतली नसती. पण मत्सर माणसाला डोळ्यांत तेल घालून बघायला लावतो. अगायचं कुठे चुकतंय हे शोधता शोधता तिच्या लक्षात आलं की दोरा तुटायच्या आधी एकाही पोराला काही दिसत नाही. आणि चष्मेवाल्या मुलांचं कपाळ कधीच उघडत नाही. कपाळाने बघायचं, तर चष्मा असला काय नि नसला काय?

तिने हे पोटातच ठेवलं असतं, पण मध्ये झीबेक आली. या चिमुरडीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. राजधानी बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती आणि उशीर केलात तर नजर परत यायची नाही, असं बजावलं होतं. अगाय म्हणाले, "डोळे कशाला कापता? मी कपाळ उघडतो की!" आईने तारीख रद्द केली.

नुरझात धावत साबिरा एझेंकडे गेली होती. एझे म्हणाल्या, "तुला त्यांचं कौतुक बघवत नाहीये, बाई. आरशात तोंड बघ जरा." ते खरंच होतं, म्हणून ती गप्प बसली.

आणि आज झीबेक मंचावर उभी होती. पट्टी बांधली, दोरा आवळला, तोडला. झीबेकने मान वर केली, पुन्हा केली, ओठ चावले. तिला चित्र सांगता येईना.

"थांबा!" अगायनी हात पसरले. "इथे कुणाचं तरी मन काळं आहे. त्याने किरण अडवलाय! कुणाच्या पोटात दुखतंय बरं?" आणि त्यांनी नुरझातकडे पाहिलं.

सगळं सिनेमागृह तिच्याकडे वळलं. झीबेकची आई किंचाळली, "नुरझात, बाहेर हो! माझ्या लेकीच्या आड येऊ नकोस!"

नुरझातचे कान लाल झाले. "हो, दुखतंय माझ्या पोटात," ती म्हणाली. "जळतेच मी. पोरं माझी होती, यांनी पळवली. पण मघाशी एर्बोलनं गाडी ओळखली तेव्हाही मी इथेच उभी राहून जळत होते. तेव्हा कसा नाही अडला किरण?"

तिने एर्बोलला हाताला धरून पुढे आणलं.

"एर्बोलचं दावं सुटलंय ना, अगाय? मग त्याला पट्टी परत बांधू. दोरा आवळू, पण तोडायचा नाही."

"तसं चालत नाही! दावं दर वेळी नव्याने तोडावं लागतं!"

"का रे बाबा?" मागून एक आजीबाई खेकसल्या. "माझ्या नातवाचं एकदाच तोडलं. तो काय रोज सकाळी उठून रांगतो?"

लोक खो खो हसले. आज आशीर्वाद द्यायला मंचावर बसलेले आजोबा हसले नाहीत. ते म्हणाले, "बांध, पोरी."

नुरझातने दोरा आवळला आणि एक चित्र धरलं. एर्बोलने मान वर, खाली, आडवी फिरवली. "लाल... फूल?" मग तिने कात्री चालवली. पट्टी किंचित ढिली झाली, एर्बोलने हनुवटी उचलली. "घोडा! पांढरा घोडा!"

"आता कसा दिसला रे?"

"खालून. नाकाच्या कडेने," तो निरागसपणे म्हणाला. "अगाय म्हणाले, किरण आधी नाकावरूनच येतो. पण कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की विझतो."

आजोबांनी ती ढिली पट्टी स्वतःच्या डोळ्यांवर चढवली आणि हनुवटी उचलली. "अरेच्चा, माझंही कपाळ उघडलं की! अगाय, तुमच्या कोटाचं बटण तुटलंय."

अगाय सूक्ष्म लहरींबद्दल काहीतरी पुटपुटत होते. कुणी ऐकत नव्हतं, कारण झीबेक बोलायला लागली होती.

"मलापण खालून दिसत होतं. पण सगळं धुरकट. कपाळाचं दावं सगळ्यांचं सुटतं, मग मीच वाईट असणार, असं वाटलं मला. आई, मी खरंच खूप प्रयत्न केला गं."

आई मंचावर आली. लेकीला छातीशी धरून तिने नुरझातला विचारलं, "तारीख... परत देतील का गं?"

"उद्याच जाऊन विचारू. मी येते बरोबर."

डॉक्टरीणबाईंनी आईला फैलावर घेतलं आणि मग तारीख दिली. एका डोळ्याची नजर बरीच परतली, दुसऱ्याची थोडी. मधे वाया गेलेल्या दिवसांची ती किंमत. एर्बोल बरेच दिवस नुरझातशी बोलला नाही, तिने त्याचा किरण विझवला होता ना! झीबेक मात्र आता उठताबसता त्या डॉक्टरीणबाईंचंच नाव घेते आणि नुरझात त्यांच्यावरही जळते. तिचा स्वभाव काही बदललेला नाही.

तेव्हा मंडळी, प्रश्न विचारणाऱ्याचं मन काळं की गोरं, ते सावकाश तपासा. आधी प्रश्नाचं उत्तर मागा. चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, पट्टी आम्ही बांधणार, आमच्या हाताने. आणि पोराला दिसत नसेल तर त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, ते स्वतःला वाईट समजायला लागायच्या आत.