तिसरा खटका

बहिणीच्या गाडीखालचं झाकण दादाने सोडलं आणि नुसत्या वासावरूनच त्याला बिघाड कळला. गिअरबॉक्समधलं लाल तेल काळं पडलं होतं, जळक्या रबरासारखं घाण मारत होतं. बहीण कमरेवर हात ठेवून वाट बघत होती.

"होईल," तो गाडीखालूनच म्हणाला. "वेळ लागेल, पण होईल."

दादाची उभी हयात बसच्या डेपोत गेली होती. लांबून येणाऱ्या बसचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते तो सांगायचा, म्हणून डेपोत त्याला सगळे कानसेन म्हणत. पण त्या सगळ्या बसचे गिअर हाताने टाकायचे असत. ऑटोमॅटिकच्या वाटेला तो कधी गेला नव्हता. बहिणीला मात्र ऑटोमॅटिकशिवाय गत्यंतर नव्हतं. तिचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता, क्लच दाबणार कशाने? आणि गाडीशिवाय नोकरी नव्हती. ती एका लॅबसाठी घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं रक्त घ्यायची. जी शीर डॉक्टरांना सापडत नसे, ती तिच्या बोटाला अलगद सापडायची. तीन गॅरेजवाल्यांनी गाडीसमोर हात टेकले होते. चौथा गॅरेजवाला म्हणजे घरातला सख्खा भाऊ.

मागच्या खोलीतल्या लोखंडी खाटेवर जुन्या चादरी अंथरून दादाने गिअरबॉक्स सुटा केला. प्रत्येक भागाला चिठ्ठी लावली, क्रमाने मांडला. जळलेल्या क्लच प्लेटा बदलल्या, सगळी सीलं नवी घातली. तीन आठवड्यांनी गाडी चालू केली तर मागे छान जाई, पुढे ढिम्म हलेना.

"निदान मागे तरी जातेय," बहीण म्हणाली. "पेशंटांना सांगते, मी पाठमोरी येईन."

दोघं हसली. दादाने पुन्हा सगळं उतरवलं. आतल्या ड्रममध्ये बशीएवढा पिस्टन बसतो, त्याच्या कडेला रबरी सील असतं. दाबून बसवताना सीलची पातळ कड दुमडली की तेलाचा दाब टिकत नाही आणि गिअर पडत नाही. कड दुमडून फाटली होती. दादाने सील बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली आणि दुसरं मागवलं. तेही तसंच फाटलं. तोवर लॅबने दोनदा वाढवलेली बहिणीची रजा संपत आली होती.

तिसरं सील आलं त्या दुपारी तो पिस्टन दाबत बसला होता. बहीण चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"दादा, रक्त येतंय."

"कुठे?"

ड्रमच्या धारदार कडेने त्याचा अंगठा चांगला खोल कापला होता. रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं. बहिणीने कप खाली ठेवला, अंगठा बांधला, आणि आपल्या पेटीतून सुई काढली.

"डोळे मीट. टोचलं की सांग."

दादाने डोळे मिटले. थोड्या वेळाने वैतागून म्हणाला, "टोच ना आता."

त्याची चार बोटं तिने केव्हाच टोचली होती.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. डेपोतून मुदतीआधी काय हौस म्हणून बाहेर पडलो? हातातून नट सुटायचे. म्हटलं, कुणी बोट दाखवायच्या आत आपणच निघावं."

"आणि मला नाही सांगितलंस?"

तिने त्याची साखर तपासली. आकडा बघून यंत्र बिघडलं असेल असं वाटलं तिला, म्हणून परत तपासली. तोच आकडा. उद्याच्या उद्या दवाखान्यात जायचं, असं तिने फर्मावलं. "गाडी झाली की जाऊ," म्हणत त्याने विषय टाळला. तिलाही गाडी हवीच होती. तिने फार ताणलं नाही.

सील तिनेच बसवलं. सीलवर व्हॅसलीन फासून, पिस्टन हळूहळू फिरवत तिने ती कड बोटाने आत सारली. दादा नुसतं सांगत होता, "घाई नको... अडलं? मागे घे... आता फिरव." पिस्टन सुळकन आत बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या खोलीत दोघांना भूक लागली.

उरला होता कन्व्हर्टर. इंजिनचा जोर गिअरबॉक्सला पोचवणारा, तेलाने भरलेला तो जड डबा गिअरबॉक्सच्या दांड्यावर फिरवत सरकवायचा असतो. तीन खटक्यांनी तो पुरता बसतो. पहिले दोन ऐकू येतात, तिसरा मात्र तळहातालाच कळतो. दादाने घामाघूम होऊन तो फिरवला. दोन खटके आले. तिसऱ्यासाठी त्याने जीव एकवटून ढकललं. काही कळेना. बहीण लॅबशी फोनवर बोलत होती, फोनवर हात ठेवून तिने विचारलं, "बसला? त्यांना सोमवार सांगू?"

"बसला," दादा म्हणाला.

सोमवारी गाडी निघाली. गिअर असे पडत होते की बहिणीला पत्ताही लागत नव्हता. चार दिवस ती संध्याकाळी घरी येताना हॉर्न वाजवायची. पाचव्या दिवशी भर रस्त्यात गाडीखालून करकर आवाज आला आणि गाडी जागीच बसली. नमुन्यांची पेटी उन्हात तापली. अकरा नमुने वाया गेले. एका म्हातारीच्या हाताला आठवड्यात दुसऱ्यांदा सुई लावावी लागली. ती लावली दुसऱ्याच कुणीतरी. शनिवारी लॅबने बहिणीला कळवलं की तिच्या जागी माणूस घेतलाय.

गाडी ओढून आणली. दादाने तेल काढलं तर त्यात धातूचा चुरा होता. अर्धवट बसलेल्या कन्व्हर्टरने तेल फिरवणाऱ्या पंपाचा भुगा केला होता, आणि तो चुरा सगळीकडे फिरला होता. आता त्यात काही राम राहिला नव्हता.

"तिसरा खटका मला कळला नव्हता," दादा म्हणाला. "मी तुला खोटं सांगितलं."

तो शिव्यांची वाट बघत उभा राहिला. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला एकदा हाक मारायची," बहीण एवढंच म्हणाली. "मी चार पावलांवर होते."

मग खाली बसत तिने त्याला बूट काढायला लावले. "हाताचं हे असं, तर पायांचं काय असेल?"

"पायांना काही झालेलं नाही."

उजवा मोजा टाचेला चिकटला होता. तिने तो पाण्याने भिजवून सोडवला. टाचेखाली रुपयाएवढी जखम होती, कडेने काळी पडलेली. कधी झाली, कशाने झाली, दादाला सांगता येईना. तिने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"दुखत नाही गं," तो तिची समजूत काढत म्हणाला.

"ते कळलं मला," ती म्हणाली.

दवाखान्याचा रस्ता दोन बसचा होता. त्या दुपारी दोघं थांब्यावर उभी राहिली, तो उजवा पाय उचलून आणि ती डाव्यावर भार न देता, एकमेकांचा दंड धरून. बस भरून आली, थांबलीच नाही.