कूस बदलायची वेळ

चमच्याची मान डावीकडे वाकलेली होती... पर्समध्ये रुमाल चाचपताना बोटांना आधी गार दांडी लागली, मग ते वळण, आणि न पाहताच तिला कळलं की हा तोच, आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडात न सांडता घोट जावा म्हणून नवऱ्याने दुकानातल्या पकडीने वाकवून दिलेला. गाडी घाटाला लागली होती. शेजारी नवरा खिडकीला डोकं टेकून पेंगत होता, पुढे ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होता, आणि तिच्या मुठीत सासऱ्यांचा चमचा होता.

पण हा इथे आलाच कसा? सासरे गेल्यावर खोली आवरताना भाड्याची खाट परत गेली, पाण्याची गादी शेजारच्या बाईंनी नेली, आणि चमचा तिने स्वतः एका डब्यात टाकून डबा माळ्यावर ढकलला होता. तेव्हा स्टुलावरून पडता पडता वाचली होती, म्हणजे चुकून पर्समध्ये राहिला म्हणायचीही सोय नाही. सहलीची बॅग नवऱ्याने भरली, पर्स तिने. पर्सला तो कधी हात लावत नाही. निदान इतक्या वर्षांत लावला नव्हता.

इतक्या वर्षांत दोघं मिळून कुठे गेलेच नव्हते. सासऱ्यांची एक बाजू गेलेली. दर दोन तासांनी कुशीवर वळवलं नाही तर पाठीला जखमा होतील असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तेव्हापासून घरात तिचे हात हेच घड्याळ झालं. नवरा घड्याळजी, त्याला विनोद आयताच मिळाला. तुला किल्ली द्यावी लागत नाही, म्हणायचा, आणि दुकानात जायचा. बापाला असं उचलताना-वळवताना त्याला बघवत नसे. ती खोलीत शिरली की हा बाहेर. त्याचा राग नाही आला कधी... आला होता, पण रागवायलाही फुरसत लागते. आता मात्र हा आठवडा दोघांचा होता. घड्याळं घरी ठेवायची, हा हुकूम त्याचाच. फोनसुद्धा बॅगेच्या तळाशी. तिने चालायचे नवे बूट घेतले होते. संध्याकाळी टेकडीवर जायचं, त्याने शेजारून चालायचं, आणि चढ आला की एकदा तरी तिला विचारायचं, दमलीस का... एवढंच तिला हवं होतं, आणि ते इतकं हवं होतं की बूट ती घरूनच घालून निघाली होती.

चमचा पर्सच्या तळाशी ढकलून तिने डोळे मिटले, आणि हात उचलले गेले. डावा नवऱ्याच्या खांद्यामागे, उजवा कमरेकडे. तिने घाबरून ते मांडीवर दाबून धरले आणि ड्रायव्हरला वेळ विचारली. दहा वाजले की, तो म्हणाला. सहा, आठ, दहा... घड्याळं घरी राहिली होती, हात मात्र सोबत आले होते.

वरच्या वळणावर चहाची टपरी होती. धुकं इतकं उतरलेलं की दरीच्या जागी नुसतं पांढरं; त्यातून कुठूनतरी खोकल्याचा आवाज आला, कोरडा, ओळखीचा. असेल कुणीतरी, धुक्यात माणसं खोकतातच. तिने बाकावर बसलेल्या नवऱ्याचा चहा बशीत ओतला, फुंकला, ओठाला लावून पाहिला आणि बशी त्याच्या तोंडाशी धरली. तो प्यायला. समोरच्या पांढऱ्याकडे बघत, हात मांडीवर तसेच ठेवून, घोटाघोटाने त्याने बशी संपवली, आणि शेवटी हनुवटी जराशी पुढे केली, पुसण्यासाठी. तिने पुसली. मगच तिच्या लक्षात आलं की चहावाली बाई बघते आहे, आणि आजारी माणसावरून लोक नजर काढून घेतात तशी आता काढून घेते आहे. बाईने तिलाच हळू आवाजात विचारलं, किती दिवस झाले यांना? नवऱ्याने ते ऐकलं आणि तो मनापासून हसला. मला काय धाड भरलीय, म्हणाला, आणि उठून ताडताड गाडीकडे गेला. अगदी नीट चालला. तिने पाऊल न् पाऊल बघितलं.

मग तिने पर्समधला चमचा काढून बाकाखाली सारला आणि गाडीत येऊन बसली. सुटलं एकदाचं, असं वाटतंय तोच नवरा खाली उतरला, बाकापाशी जाऊन वाकला, परत आला, आणि चमचा तिच्या तळहातावर ठेवून त्याने तिची बोटं एकेक करून मिटली.

"विसरलीस," तो म्हणाला.

"अहो, हा पर्समध्ये तुम्ही ठेवलात का?"

"मी कशाला ठेवू?" त्याने डोकं पुन्हा खिडकीला टेकलं. "असू दे जवळ. लागतो."

लागेल म्हणाला असता तरी एक वेळ... कुणाला लागतो, हे विचारायला तिने तोंड उघडलं, पण तो झोपला होता, इतक्या लवकर कुणाला झोप लागत असेल तर. बाराच्या सुमाराला ती हातांवर बसून राहिली. अक्षरशः, दोन्ही तळवे मांड्यांखाली, मुंग्या येईपर्यंत.

विश्रामगृहाची खोली स्वच्छ होती. खिडकीशी पलंग, पलंगाच्या उजव्या अंगाला खुर्ची, तिपाईवर पाण्याचा जग आणि ग्लास. घरच्या त्या खोलीची मांडणी हीच. पण सगळ्याच खोल्या अशा मांडतात, खुर्ची काय छताला टांगतात, असं तिने स्वतःला दटावलं आणि बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट केल्या. जरा पाठ टेकतो, मग टेकडीवर जाऊ, म्हणून नवरा उताणा पडला होता. धुकं विरलं होतं. खिडकीतून टेकडी सबंध दिसत होती, वर जाणारी पायवाटही, आणि वाटेवर आधीच कुणीतरी दोघं चालत होती.

तो हलत नव्हता. झोपेत माणूस हलतो, पाय आखडतो, नाक खाजवतो. हा ठेवल्यासारखा पडून होता. तोंड अर्धवट उघडं, एक बाजू जराशी ओघळलेली... की उजेडामुळे तसं दिसत होतं? सासऱ्यांची हनुवटी याला आहे, हे तिला ठाऊक होतं; ती आजच एवढी वर आलेली दिसत होती. अहो, निघायचं ना, तिने दोनदा विचारलं. धडधाकट माणूस आहे, वळायचं असेल तर आपला आपण वळेल. ती थांबली. वळ ना रे, ती मनात म्हणाली; लग्नाआधी एकदाच त्याला अरे म्हटलं होतं, त्यानंतर हे आज. वळ. एकदा तुझा तू वळ.

दोन वाजले असणार, कारण हात उठले.

डावा खांद्याखाली, उजवा कमरेशी. आणि ते जड शरीर हलकं होऊन आलं. आधी गुडघा दुमडला, मग मान सैल पडली, मग पाठ... शिकवलेलं शरीर येतं तसं, तिच्या श्वासाच्या मापात. कुशीवर स्थिरावल्यावर त्याचा हात चाचपडत वर आला, तिचं मनगट सापडलं, आणि अंगठा दोनदा दाबला गेला.

दोनदा. झालं, आता ठीक, असा त्याचा अर्थ. वाचा गेल्यावर सासऱ्यांनी आणि मी ठरवलेली ती खूण. ठरवलेलीसुद्धा नाही, होत गेलेली. मी ती कुणाला सांगितली नाही. अशा गोष्टी सांगतात का कुणाला? आणि हा तर खोलीतसुद्धा थांबत नसे.

ओरडायला हवं होतं मी. निदान हात सोडवून घ्यायला. पण खरं सांगू... बरं वाटलं. सकाळपासून छातीत जे आवळून धरलं होतं ते सैल झालं, खांदे उतरले, खोली माझ्या ओळखीची झाली. सहलीतली पहिली स्वस्थता, आणि ती ही. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली, आणि तीही फार वेळ टिकली नाही.

तिने त्याच्या पाठीशी उशी लावली. उजेड त्याच्या डोळ्यांवर येत होता म्हणून पडदा ओढला. टेकडी गेली, पायवाट गेली. नवे बूट, आवाज होऊ नये म्हणून, नाड्या पूर्ण सोडवून एकेक करून काढले आणि पलंगाखाली सरकवले. पर्समधला चमचा काढून ग्लासात उभा केला. मग ती उजव्या अंगाच्या खुर्चीत बसली. चारला अजून अवकाश होता. तोवर जरा डोळा लागला तरी हरकत नव्हती, हात उठवतील.